फुलांची गाडी

नारळ बघितला आणि हितेंद्रला गाऱ्हाणं आठवलं.

बाबा जिना उतरत होते. इस्त्रीचा सदरा, पांढरा लेंगा, डोक्याला टोपी. एक हात कठड्याला आणि दुसऱ्यात शेंडीचा नारळ. मागे गुणवंती आत्या, तबक सांभाळत, पायाने पायरी चाचपत. तबकात हळदकुंकू, विडा, धुरकटलेली अगरबत्ती. खाली पटांगणात गाडी घ्यायला आलेले निमेश आणि शेफाली तिच्याभोवती फिरत होते. घोडपदेवची ती चाळ निम्मी रिकामी झाली होती, पण जे उरले होते ते सगळे गॅलरीत येऊन कठड्याला टेकले होते. रविवारची सकाळ, त्यात परबांची गाडी विकली जातेय. घरात बसून कोण राहील?

"बाबा, हे कशाला आता?" हितेंद्र पुढे झाला. "सह्या झाल्या की चावी द्यायची. त्यांची लग्नाची ऑर्डर आहे, घाई आहे."

"लक्ष्मी घराभायर जाता हा," तुळशीदास म्हणाले. "गाऱ्हाणां घालूक नको?"

"मनातल्या मनात घाला ना."

मनातल्या मनात जेवून घ्या असं सांगितल्यासारखं बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि उरलेल्या पायऱ्या उतरले.

गाऱ्हाणं मनात घालता येत नाही. ते चारचौघांत, खणखणीत आवाजात, देवाला उद्देशून घालायचं असतं. जे झालं ते सांगायचं, जे हवं ते मागायचं, आणि ऐकणाऱ्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून मान डोलवायची. देवाला अर्धवट सांगून भागवायची सोय त्यात ठेवलेली नाही. हितेंद्रला ही पद्धत माहीत नव्हती असं नाही. गाडी विकायच्या गडबडीत तो नेमकी तीच विसरला होता.

गाडी विकायला बाबांनी एकच अट घातली होती. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला की त्याच्या लिफ्टवाल्या पार्किंगमध्ये ही गाडी मावणार नव्हती. बिल्डरच्या माणसाने टेप लावून मान हलवली होती. महिनाअखेर चाळ रिकामी करायची, भाड्याच्या जागेत जायचं, तिथे स्कूटर ठेवायची मारामार. बाबा दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इका. पण घेणाऱ्याक खरां सांगा. हिना काय व्हायलां तां तेका कळूक व्हया."

"सांगितलंय बाबा," हितेंद्र मागच्या आठवड्यात म्हणाला होता. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण बाबा तोंडाकडे बघत राहिले म्हणून त्याने जोडलं, "ते म्हणाले, आमची काही हरकत नाही. उलट पुण्याईची गाडी आहे म्हणाले."

त्यावर बाबांचे डोळे भरून आले होते.

निमेश-शेफालीला मात्र त्याने सांगितलं होतं की गाडी फुलांची आहे. दादरच्या बाजारातून पहाटे फुलं उचलायची आणि देवळांना पोचवायची, बस्स.

*

फुलांची कल्पना हितेंद्रच्या बायकोची, सुचित्राची. मोबाइलवरच्या जाहिरातीत काय लिहायचं म्हणून नवरा आणि मुलगी श्रेया डोकं धरून बसले होते, तेव्हा भाजी निवडता निवडता तिनेच सांगितलं होतं: "लिहा, फुलांची ने-आण. आणि घरच्या माणसासारखी सांभाळलेली." दुसरं वाक्य शंभर टक्के खरं असल्यामुळे पहिलं तिला तेवढं टोचलं नव्हतं. श्रेयाने फोटो टाकले आणि दुपारपर्यंत हिंदमाताजवळ लग्नाच्या सजावटीचा धंदा करणाऱ्या या नवरा-बायकोचा फोन आला. जुनी फोर बाय फोर पिकअप, लाकडी हौद्याची, चालू हालतीत. त्यात नवरीला बसवून हॉलपर्यंत आणायची, असा त्यांचा विचार होता.

आता शेफाली हौद्यातल्या सागवानी फळ्यांवरून हात फिरवत होती.

"आंटी, काय पॉलिश आहे! आरसा बघा नुसता. काय लावता तुम्ही?"

"सासरे जवसाचं तेल लावतात. दर शनिवारी."

"आणि ही पितळेची कडी? दोन्ही साइडला, कसली आहेत?"

सुचित्राला कड्या कसल्या ते माहीत होतं. हिसका बसला तर तिरडी सरकू नये म्हणून दोर ओवायच्या.

"टोपल्या बांधायला," ती म्हणाली. "हारांच्या."

"वॉव. ह्याच्यातून आपण मोगऱ्याच्या माळा सोडू, निमेश!"

निमेश पुढे केबिनमध्ये शिरला होता. गिअरच्या शेजारचा आखूड दांडा त्याने धरला. "काका, हा फोर बाय फोरचा ना? एकदम टकाटक ठेवलंय हां तुम्ही. पण मुंबईत हा लागतो कुठे?"

तुळशीदास खुलले. गाडीबद्दल कुणी विचारलं की ते वीस वर्षांनी लहान होत. "हिंदमाताक पाणी भरला काय बाकीचे सगळे गाडये बंद. अँब्युलन्सपण उभी. तेवा ह्यो दांडो ओढूचो. माणूस घरात किती येळ ठेवतलास? म्हणान मगे आमी..."

"फुलं, फुलं," हितेंद्र मध्ये पडला. "फुलं कुजतात ना पाण्यात अडकली की. वेळेत पोचवावी लागतात."

सुचित्राने डोळे मिटून घेतले.

 तुळशीदासचा चेहरा मऊ झाला, समजूतदार झाला. ते सुनेजवळ सरकून हळूच म्हणाले, "बरोबर असा त्याचा. सकाळच्या पारी, शुभ कामाक, तो विषय कित्याक? ती माणसां पण बघ, म्हायत असान काय म्हणजे काय इचारूक नाय. लाखातली माणसां."

सुचित्रा "हो बाबा" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? कानांच्या पाळ्या तापल्या. दादरच्या माहेरी तिला एक गोष्ट पढवलेली होती, खोटं बोलायचं तर परक्याशी बोलावं. आता या पटांगणात परका कोण तेच तिला कळेना.

*

गुणवंती आत्या गेले दोन महिने भाच्याशी थेट बोलत नव्हती. गाडी विकायची ठरल्यापासून तिचा सगळा व्यवहार श्रेयाच्या मार्फत. आताही तबक बॉनेटवर ठेवत ती म्हणाली, "श्रेया गो, तुझ्या बापाशीक सांग, चपला काढ म्हणान. देवासमोर उभो रवता हा."

बापूस दोन हातांवर होता. त्याने चपला काढल्या.

गाडी तिच्या भावाने गोदीच्या लिलावात घेतली ती आंबे-काजू आणायला. पहिल्याच वर्षी चाळीतला एक म्हातारा गेला, धो धो पाऊस, खांदेकरी कमरेएवढ्या पाण्यात. तुळशीदासने गाडी काढली. त्यानंतर आंबे राहिले बाजूला. घोडपदेवातून कुणीही, कोणत्याही वेळी जिन्यावर येऊन नुसतं "दादानू" म्हटलं की तो चावी घेऊन खाली उतरत असे. पैसे घेत नसे. चहासुद्धा घेत नसे, कारण त्या घरात चूल पेटलेली नसायची. हितू तेव्हा शाळेत होता. पोरं त्याला बघून रस्ता बदलत. तो बापाला सांगे, मला शाळेत सोडायला येऊ नका. हे सगळं आत्याला आठवत होतं. हितूला ही गाडी नकोशी का झाली ते तिला कळत होतं. मान्य मात्र नव्हतं.

तुळशीदासने बॉनेटला हळदकुंकू लावलं. नारळ दोन्ही हातांत धरला. मान खाली घातली आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, गावच्या पाच पूर्वसांनो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गॅलऱ्यांमधून उत्तर आलं. अर्ध्या रिकाम्या चाळीचं, पण पूर्ण आवाजाचं.

शेफालीने पटकन मोबाइल काढला. "निमेश, ऐक ना. किती भारी! रील होईल." आणि शूट करायला लागली.

"आज तुझा लेकरू तुळशीदास, घोडपदेवाक रवान, तुझ्या पायाकडे गाऱ्हाणां घालता हा. ही आमची लक्ष्मी दुसऱ्याच्या घराक जाता हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता शेफालीही म्हणाली. निमेशही. हसत, जोरात.

"हिना ह्या घोडपदेवातली मेलेली माणसां शेवटच्या जाग्यार पोचयल्यान. कोण जातीचो, कोण भाडेकरू, कोण उधारीचो, काय एक बघल्यान नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या शांताक हिनाच व्हायल्यान. बाबुरावाक व्हायल्यान. कोणाक रस्त्यात उतरूक लागला नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गॅलरीतला एक आवाज फुटला. बाबुरावाची सून असावी.

शेफाली मान डोलावत होती. दोघांचा मराठी कान हिंदमाताच्या गिऱ्हाइकांपुरता. हा मालवणी हेल त्यांना गाण्यासारखा वाटत असणार.

"आणि आज जी घेणारी हत, तेंका ह्यां सगळां म्हायत असा. म्हायत असान पण तेंनी हिका पदरात घेतल्यानी. आपल्या नवऱ्यांका हिच्यात बसवतले. एवढ्या मोठ्या मनाची माणसां तू माझ्या म्हाताऱ्याच्या दारात धाडलंस. तेंच्या त्या मनाची राखण कर म्हाराजा!"

आत्याने सवयीने हितूकडे बघितलं. लहानपणापासून खोटं बोलला की त्याचे कान पेटत. पाटीवरचे मार्क खोडले तेव्हा पेटले होते, सिनेमाला गेला तेव्हा पेटले होते. पन्नाशीच्या त्या टकल्या माणसाचे कान आता जास्वंदीसारखे लाल झाले होते.

तिला सगळं एका झटक्यात कळलं. परकी माणसं समोर, सगळी चाळ कठड्याला. घराण्याची अब्रू पटांगणात चपला काढून उभी होती.

"व्हय म्हाराजा!" आत्या ओरडली. सगळ्यांपेक्षा मोठ्याने. गाडी विकू नका म्हणून दोन महिने अबोला धरलेली ती, आता विक्री एकदाची होऊन जाऊ दे म्हणून देवाला साद घालत होती.

हितेंद्रने खिशातून चावी काढली. 

*

नारळ गाडीपुढे ठेवून तुळशीदासने डोळे पुसले. शेफाली हौद्याच्या कडेला ऐटीत बसून व्हिडिओ परत बघत होती.

"श्रेया, मला ना ह्याच्याखाली इंग्लिशमध्ये लिहायला पाहिजे. काकांनी काय म्हटलं सांग ना."

श्रेयाने वडिलांकडे बघितलं. एक पळभरच. मग ती हसली, छान हसली, ऑफिसात हसतात तशी.

"आजोबा म्हणाले, ह्या गाडीने जन्मभर देवासाठी फुलं वाहिली. ऊन बघितलं नाही, पाणी बघितलं नाही. आता ती नवऱ्या वाहणार, तर त्या नवऱ्या सुखी होऊ देत."

"ओ माय गॉड," शेफालीच्या अंगावर काटा आला. "आणि ती नावं घेतली ती? शांता, बाबुराव?"

"फुलवाले होते. जुने."

हितेंद्र बघत राहिला. त्याचं खोटं अडखळत होतं, त्याला घाम फुटत होता. पोरीचं खोटं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं; तिने घरात बघितलं होतं. आपल्या आजीला तिने फुलवाली करून टाकलं होतं आणि पापणी हलली नव्हती.

आणि बाबांनी ऐकलं. श्रेया शुद्ध मराठीत बोलली होती, शब्द न् शब्द. ते आधी नातीकडे, मग सुनेकडे, मग हितेंद्रकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलेला माणूस दिसतो तसे ते दिसत होते.

"किती गोड," शेफाली त्यांच्याकडे वळली. "असंच म्हटलं ना, काका? फुलांचीच गाडी?"

 श्रेयाचं हसू तोंडावर तसंच होतं, पण खालचा ओठ थरथरायला लागला होता.

तुळशीदासने ते बघितलं.

"होय," ते म्हणाले. मालवणीत नाही, रेशनच्या हापिसात बोलायचे त्या सावकाश, परक्या मराठीत. "नात बरोबर सांगते. फुलांचीच."

"दी चावी," आत्या हितेंद्रच्या कानाशी कुजबुजली. दोन महिन्यांतलं थेट पहिलं वाक्य. "दी आणि मोकळो हो. झाला तां झाला."

चावी त्याच्या मुठीत होती. सुचित्राने त्याचं मनगट धरलं. त्याला वाटलं, तीही तेच सांगणार.

"अहो," ती म्हणाली, "बाबांना असं नका राहू देऊ."

*

"शेफालीबेन," हितेंद्र म्हणाला. "ही फुलांची गाडी नाही."

"म्हणजे?"

"बाबा ह्यातून माणसं न्यायचे. भोईवाड्याला."

निमेशला आधी कळलं. तो केबिनमधून उतरला, दार आपटू नये असं हळू लावलं. "भोईवाड्याला म्हणजे..."

"हो. तिथेच. स्मशानात."

"एखाद्दुसरी टाइम? इमर्जन्सी?"

"कायम. हेच काम होतं गाडीला. शांता माझी आई. बाबा आता तेच बोलत होते. तुम्हाला मी सगळं सांगितलंय असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांची काही चूक नाही. पोरीचीपण नाही."

शेफाली हौद्याच्या कडेवरून उतरली. घाईने नाही. ड्रेस झटकला नाही, हात पुसले नाहीत. तिने झटकला असता तर बरं झालं असतं, असं सुचित्राला वाटलं. 

"आम्ही नवऱ्या बसवणार होतो ह्यात, हितेंद्रभाई."

"माहीत आहे."

"माहीत होतं, आणि तुम्ही..." तिने वाक्य सोडून दिलं.

"फुलां होती खरी," आत्याने शेवटचा प्रयत्न केला. "दरेक येळी होती. चांगली हारभर फुलां."

"आत्या, बस," हितेंद्र म्हणाला.

निमेशने खाली बघत मान हलवली. "आधी सांगायचं ना, भाऊ. आम्ही वाईट वाटून नसतं घेतलं. घेतली नसती, एवढंच. आता बघा, काका रडले, आम्ही व्हिडिओ काढत होतो. कसं वाटतं ते."

शेफाली तुळशीदाससमोर आली. मोबाइल त्यांना दिसेल असा धरला. "काका, हे मी डिलीट करते हां. तुमचं घरचं आहे हे. मला माहीत असतं तर मी..." तिने बटण दाबलं आणि वाकून नमस्कार केला. तुळशीदासचा हात तिच्या डोक्यावर गेला, पण टेकला नाही. आपला हात आता कुणाच्या डोक्यावर ठेवावा की नाही, याचा त्यांना भरवसा वाटेनासा झाला होता.

ती दोघं फाटकातून बाहेर पडली. टॅक्सी दिसेपर्यंत त्यांना फाटकाशीच थांबावं लागलं, आणि तेवढा वेळ त्यांनी मागे वळून बघितलं नाही. हेही सौजन्यच.

गॅलऱ्यांमधली माणसं आत जायला लागली. एरवी चाळीत एवढं काही घडलं असतं तर चार जण खाली आले असते, कुणी हितेंद्रला फैलावर घेतलं असतं, कुणी चहा आणला असता. आज दारं लागण्याचे आवाज आले, एकामागून एक, हलके. या माणसांच्या आई-बापांना या गाडीने पोचवलं होतं आणि परबांच्या मुलाने ते लपवायला फुलं शोधली होती. बाबुरावाची सून सगळ्यांत शेवटी गेली. ती काही बोलेल म्हणून हितेंद्र मान वर करून उभा राहिला. तिने वाळत घातलेला टॉवेल काढला आणि दार ओढून घेतलं.

"आजोबा, सॉरी," श्रेया म्हणाली आणि रडायला लागली. "मी आजीला..."

"गप, गप. तू कित्याक रडतंस?"

"आता गाडयेचां काय?" आत्याने विचारलं. तिने ते भावाला विचारलं, भाच्याला की देवाला, ते कळलं नाही. महिना संपायला आला होता. 

"बाबा," हितेंद्र म्हणाला.  त्याने आधाराला हात पुढे केला.

तुळशीदासने त्या हाताकडे बघितलं. मग श्रेयाच्या खांद्यावर आपला हात ठेवला आणि जिन्याकडे वळले. दोन-तीन पायऱ्या चढून दम खायला थांबले. मागे न बघता बोलले, पण आवाज गाऱ्हाण्यातला नव्हता; घरातला, थकलेला होता.

"जन्मात एकदाच खोटां बोललंय, झिला. पोरीसाठी. तां पण तू टिकूक दिलंस नाय."